बेगमची ओटी

मे महिन्यात मुलं दिवसभर घरात असणं कुठल्याच घराला झेपत नाही, म्हणून शिबिरं असतात. संस्कार, संस्कृती, वारसा वगैरे नावं त्यांना मागाहून मिळतात. आमच्या शाळेच्या शिबिराचं नाव त्या वर्षी ‘आपला वारसा, आपलं नाटक’ असं ठरलं आणि ते मी घ्यायचं हेही ठरलं, कारण मी इतिहास शिकवते, एकटी राहते आणि सुट्टीत कुठे जात नाही. या तीन गोष्टी मिळून शाळेच्या हिशेबी एक पदवी होते.

पस्तीस मुलं आली. ती हिंदीत भांडायची, मराठीत रडायची आणि इंग्रजीत सॉरी म्हणायची. शाळेच्या हॉलमध्ये चार पंखे, त्यातला एक फिरायचा. स्टेजच्या डाव्या विंगेत पाण्याचा कूलर होता आणि तो मधूनच असा घरघरायचा की पात्रं आपले संवाद विसरून तिकडे बघत राहायची.

बुऱ्हाणपुरात वारशावर नाटक करायचं म्हटलं की विषय शोधावा लागत नाही. बादशहाची लाडकी बेगम इथे चौदाव्या बाळंतपणात गेली. ताप्तीपलीकडे जैनाबादला सहा महिने तिला पुरून ठेवलं होतं आणि मग तिथून उकरून आग्र्याला नेलं. तिथे तिच्यासाठी काय बांधलं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या गावाला त्याचा अजून राग आहे. कुठल्याही दुकानात बसा, दुकानदार पुड्या बांधता बांधता सांगेल की ताजमहाल खरं तर इथेच होणार होता. संगमरवर आणायला लांब पडलं म्हणून, नाहीतर जमिनीत वाळवी निघाली म्हणून तो हुकला. हे तो अशा सुरात सांगतो की मंजूर झालेला कारखाना गेल्याच महिन्यात शेजारच्या जिल्ह्याने पळवला असावा.

या रागाचे मुख्य वारसदार म्हणजे आमचे गुरुजी. त्यांनी मला सहावीत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते आल्यागेल्याला गाव दाखवतात आणि आग्रा हा शब्द तोंडातून काढत नाहीत. ‘ते गाव’ म्हणतात. शिबिराला जाणकार म्हणून त्यांना बोलवायची चूक मीच केली. ते पहिल्याच दिवशी चाळीस पानांचं नाटक लिहून घेऊन आले. त्यात बादशहा मातीचा नमुना हातात धरून चार पानं बोलत होता.

“गुरुजी, बायको मेली आहे त्याची,” मी म्हटलं. “तो मातीवर कशाला बोलेल?”

“मातीवर नाही बोलला म्हणूनच तर गेली न ती त्या गावाला,” गुरुजी म्हणाले.

मी चाळीसची नऊ पानं केली. वाळवी मात्र काढू दिली नाही त्यांनी. म्हणून सगळ्यात लहान सहा मुलांना वाळवी केलं. तपकिरी पोती घालून त्यांनी रांगत यायचं आणि बादशहाच्या नकाशाचे कागद खायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा आया माझ्यासमोर उभ्या. त्यातली एक खरं तर मावशी होती, ती म्हणाली, “मॅडम, फी तर सगळ्यांची सेम आहे न? मग आमचा बंटी वाळवी काहून?” तो बंटी म्हणजे घरचं लाडाचं नाव, शाळेतलं वेगळंच होतं, पण शिबिरभर आम्ही त्याला वाळवीच म्हणत होतो आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती. तो जवळच्या फोपनार गावचा. केळीवाल्यांच्या घरचा. सुट्टीपुरता आमच्या भागात, राजपुऱ्यात, मावशीकडे राहायला आला होता.

खरी अडचण बेगमची होती. तिला एक वाक्य बोलायचं, मरायचं आणि मग उरलेला पाऊण तास मेलेलं राहायचं. म्हणून मी बेगमची निवड बोलण्यावर न करता मरण्यावर केली. अकरा मुलींना ओळीने जमिनीवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि बाकीच्यांना त्यांच्या आजूबाजूला हवा तो दंगा करायची परवानगी दिली. पाच मिनिटं जी हलणार नाही ती बेगम. नेमक्या त्या वेळी शाळेच्या आयाबाई पाण्याची बादली घेऊन आत आल्या. अकरा पोरी निपचित पडलेल्या आणि मी हातात घड्याळ धरून उभी. आयाबाईंनी बादली तिथेच टाकली. ते पाणी वाहत आलं आणि दहा मुली किंचाळून उठल्या.

एक उठली नाही. पाणी तिच्या केसांखाली गेलं, फ्रॉक भिजला, कुणीतरी तिच्या नाकाला केळीचं पान लावलं, तरी ती मेलेलीच. नऊ वर्षांची, राजपुऱ्यातली, माझ्या गल्लीच्या मागच्या गल्लीत राहणारी. एरवी ती इतकी बडबडी की वर्गात मी तिला दोनदा दाराबाहेर उभं केलं होतं. मी तिला म्हटलं, “ऊठ आता. तूच बेगम.” तिने एक डोळा उघडून विचारलं, “नक्की न?” आणि मग उठली.

पहिले आठ दिवस बरे गेले. ती इतकी छान मरायची की वाळव्यांपैकी एकजण रोज तिला हात लावून खात्री करून घ्यायचा. सूत्रधार हिंदीतून सहा महिने गेल्याचं सांगायचा, मागे एक मुलगा कॅलेंडरची सहा पानं फाडायचा, चार भोई येऊन बेगमला खाटेसकट उचलायचे आणि डाव्या विंगेत न्यायचे. तिथे आग्रा होतं. म्हणजे कूलर होता.

नवव्या दिवशी भोयांनी खाट उचलली आणि मेलेली बेगम उठून बसली.

“मी नाही जाणार,” ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा आहे. मी ओरडले. ती पुन्हा झोपली. भोयांनी पुन्हा उचलली, ती पुन्हा उठली. “मी आग्र्याला नाही जाणार. मी इथेच राहीन.”

भोयांनी खाट खाली ठेवली. एकाने मला विचारलं, “मॅडम, मुर्दा ऐसे बोल सकता है क्या?” त्यावर पस्तीस मुलांत जो वाद पेटला तो अर्धा तास चालला. काहींचं म्हणणं, मुर्दा बोलू शकत नाही. काहींचं म्हणणं, बोलू शकत नसला तरी नाही म्हणू शकतो. बादशहा दाढी कानाला अडकवून म्हणाला, “रहने दो न मॅडम, ताजमहल इधरच बना देंगे.” टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात गुरुजींनी वाजवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती एका नऊ वर्षांच्या पोरीने करून दाखवली होती. दुसऱ्या दिवशी ते नवा शेवट लिहून घेऊन आले. त्यात बेगम खाटेवरून उठून बसते, बादशहाला मातीचं महत्त्व पटवते आणि पुन्हा मरते.

मी तो फाडला. मी तापट आहे, हे गावाला माहीत आहे. इतिहासात जे झालं ते झालं, ते आपल्या मर्जीने बदलता येत नाही, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आले आणि स्वतःच्याच शिबिरात बेगम जिवंत होऊ देऊ? मी पोरीला सांगितलं, उद्या नीट गेली नाहीस तर तू वाळवी. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी भोयांनी उचललं तेव्हा तिने दोन्ही हातांनी विंगेचा पडदा धरून ठेवला. पडदा फाटला.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले, तक्रार घेऊन. दार उघडंच होतं. आत जिकडेतिकडे खोकी. एका खोक्यावर ‘किचन’, दुसऱ्यावर ‘देव’ असं लिहिलेलं. तिची आई भिंतीवरचं घड्याळ उतरवत होती. मला बसायला जागा नव्हती म्हणून तिने मला ‘देव’वर बसवलं, मग चूक लक्षात येऊन ‘किचन’वर बसवलं.

“यांची बदली झाली न मॅडम,” ती म्हणाली. “रीवाला, पार दुसऱ्या टोकाला. ते तर मार्चपासून तिकडेच आहेत. आमचं शिबिर संपलं की तिसऱ्या दिवशी ट्रक.”

“परत कधी?”

“बदलीचं काय सांगता येते.” तिने घड्याळ पदराने पुसलं. “माझं माहेर त्या कोपऱ्यावर आणि सासर हे. लग्नात वरात निघाली ती एका गाण्यात पोचली. मी कुठी गेलीच नाही कधी. आता एकदम रीवा.” मग ती हसली. “पोरगी काही बोलत नाही याच्याबद्दल. मला वाटलं, चला, समजदार झाली.”

मी तक्रार सांगितली नाही. चहा पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला तालमीच्या आधी बोलावलं आणि डाव्या विंगेत नेलं. “हे बघ, हे आग्रा. इथे तुला आणून ठेवतील. त्यांनी पाठ केली की तू उठायचं, या दारातून मागच्या व्हरांड्यात जायचं, व्हरांड्यातून पळत उजव्या विंगेत यायचं. मग सगळे नमस्काराला उभे राहतात त्यात तू मध्ये. म्हणजे तू परत आलेलीच.”

तिने तो सगळा रस्ता चालून पाहिला. किती पावलं होतात ते मोजलं. मग कूलरपाशी येऊन म्हणाली, “आणि रीवाहून?”

मला तेव्हा काहीतरी छान बोलता यायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, येशील गं, दर सुट्टीला येशील. मी खोटं बोलत नाही असा मला एक फुकटचा गर्व आहे. मी म्हटलं, “माहीत नाही.”

तिने थोडा विचार केला. “ठीक आहे,” म्हणाली आणि खाटेवर जाऊन मेली. त्या दिवशी भोयांनी तिला आग्र्याला नेलं तेव्हा ती हलली नाही. गुरुजी रुसून व्हरांड्यात जाऊन बसले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाईट वाटत होतं.

ओटीची भानगड मीच घातली. शिबिरात वारसा हा शब्द होता म्हणून मी मुलांना घरून एकेक रीत विचारून यायला सांगितलं होतं. मुलांनी काय काय आणलं. एकाने गाडीला लिंबू कसं बांधतात ते आणलं, एकीने नवऱ्याचं नाव न घेता त्याला हाक कशी मारतात ते करून दाखवलं. फोपनारच्या वाळवीने आजीला फोन करून ओटी आणली. बाई दूर जायला निघाली की तिची ओटी भरतात, पदरात तांदूळ, नारळ, फळ घालतात, रिकाम्या पदराने बाईला घराबाहेर काढत नाहीत. आणि सवाष्ण मेली तरी तिची ओटी भरूनच नेतात. वाळवीने हे सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, “मग बेगमची भरली होती का?”

मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही. मुलं एकदम गंभीर झाली. सहा महिने गावात राहिलेल्या बाईला आपल्या लोकांनी असंच पाठवलं, याची त्यांना लाज वाटली असावी. शेवटी मीच नमतं घेतलं. बेगमला उचलायच्या आधी एका छोट्या मुलीने ताट घेऊन यायचं, मूठभर तांदूळ आणि एक नारळ खाटेवर ठेवायचा आणि जायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. गुरुजींना ते आवडलं. मला वाटलं, बिघडलं कुठे.

नाटकाच्या दिवशी पाच वाजता हॉल भरला. पुढे सोफ्यावर प्रमुख पाहुणे आणि त्यांच्या मिसेस. फोपनारहून वाळवीची आजी जीपने आली होती. नाटक संपल्यावर मुलांना वाटायला तिने केळी आणली होती, चांगली चार क्रेट. ती स्टेजच्या पायऱ्यांजवळ ठेवली. आजी पहिल्या रांगेत बसली, नातू वाळवी होऊन आला तेव्हा मोठ्याने म्हणाली, “पाय पाहा कसे बारीक झाले.”

बेगम मेली. वाळव्यांनी नकाशा खाल्ला, एकाने खरंच थोडा खाल्ला. सहा महिने गेले. मग ताट घेऊन छोटी मुलगी आली आणि एवढे लोक पाहून तिची गाळण उडाली. तिने नारळ घेतला आणि बेगमच्या पोटावर नेऊन ठेवला. मग उभीच राहिली.

“अशी नाही भरत व माय,” पहिल्या रांगेतून आवाज आला. “आधी हयद-कुंकू.”

मी डाव्या विंगेत हातात संहिता घेऊन उभी होते. हातवारे करून मुलीला परत बोलवत होते. तेवढ्यात आजी पायऱ्या चढूनही आली. तिने बेगमच्या ओढणीचा पदर नीट पसरला. कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि बेगमच्या कपाळाला कुंकू लावलं.

गुरुजी उजव्या विंगेतून पुढे झाले. “अहो बाई, बेगम मुसलमान होती.”

“सवाशीण गेली न?”

“गेली, पण—”

“लेकरू होताना गेली न? मग तिले रिकामी कशी धाडू?” आजी म्हणाली आणि तिने ओंजळीने तांदूळ घातले.

यानंतर जे झालं ते थांबवायला एखादा करारी माणूस हवा होता आणि तो मीच, असा माझा समज होता. दुसऱ्या रांगेतून एक बाई उठली. मग तिच्या शेजारची. मग पाहुण्यांच्या मिसेस. बघता बघता बायकांची रांग स्टेजच्या पायऱ्यांवरून हॉलच्या दारापर्यंत गेली. कुणी हसत नव्हतं. ताटातले तांदूळ संपले तेव्हा कुणीतरी समोरच्या किराणा दुकानातून आणखी आणवले. नारळ एकच होता, म्हणून फळ म्हणून केळी घालायला लागल्या. आजीनेच क्रेट उघडून दिलं. बादशहाचं रडणं आता कुणी ऐकत नव्हतं. त्याने दाढी खिशात घातली आणि रांग सांभाळू लागला. “एक एक करके आंटी, धक्का नहीं.” वाळव्या खाटेभोवती उभ्या राहून एकेक केळ जाताना बघत होत्या. एकीला रडू फुटलं, कारण ती केळी त्यांची होती. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते, पण मिसेस रांगेत असल्यामुळे त्यांना जाता येत नव्हतं.

बेगम मेलेली. पोटावर नारळ, अंगावर चाळीसेक केळी, कपाळावर इतकं कुंकू की भुवया दिसेनात. ती श्वास घेते आहे की नाही हे मला विंगेतून कळेना.

मध्येच एका शहरी बाईने तांदूळ घातले आणि सवयीने त्यातलेच चार दाणे चिमटीत घेऊन परत ताटात टाकायला निघाली. तशी रीतच आहे. लेकीची ओटी भरली की तिच्या ओटीतले चार दाणे घरच्या तांदळात परत टाकतात, म्हणजे ती पुन्हा येते. आजीने तिचा हात धरला.

“इथलं घेऊ नको. हे मेलीचं आहे.”

“का हो?”

“जिती लेक असली तर घेतात. मेलेली कुठी परत येते?”

त्या बाईने दाणे पुन्हा ओटीत सोडले. मी बेगमकडेच बघत होते. तिच्या पापण्या हलल्या. पाणी, पान, पंधरा दिवसांच्या गुदगुल्या, कशाने हलल्या नव्हत्या त्या.

रांग संपायला चाळीस मिनिटं लागली. सगळ्यात शेवटी तिची आई उभी होती. ती रिकाम्या हाताने आली होती, बहुधा पोरीला उठवायला. आजीने तिच्या हातात तांदूळ दिले. ती भरायला वाकली आणि तिथेच थांबली.

“काय झालं व?” आजीने विचारलं.

“मावशी, मी पण तिच्यासोबतच जाऊन राहिली. परवाच्या ट्रकने. रीवाला,” आई म्हणाली. “मी कशी भरू? भरणारी तर इथली पाहिजे न.”

 आजीने दोघींकडे बघितलं. ही मेलेली बेगम आणि ही जाणारी बाई एकाच घरच्या आहेत हे तिला तेव्हाच कळलं. तिने बेगमच्या खाटेच्या कडेला जागा केली, त्यासाठी तीन केळी बाजूला सारली. “बैस,” म्हणाली. आई बसली. आजीने तिला कुंकू लावलं आणि उरलेले तांदूळ तिच्या पदरात घातले. आई रडायला लागली. ती हुंदके देऊन रडत होती आणि समोर दीडशे लोक होते. बादशहाने जाऊन तिला आपला रुमाल दिला.

 मी भोयांना खूण केली. चौघे आले, खाटेला हात घातला. खाट हलेना. पोरगी, नारळ, केळी, तांदूळ आणि तिची आई. भोई माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हा बेगम उठली. मी घाबरले, कारण आता ती म्हणणार, मी जाणार नाही, आणि या वेळी अख्खा हॉल टाळ्या वाजवणार. गुरुजी तर दोन पावलं पुढे आलेही होते. पण ती काही बोलली नाही. तिने ओढणीची ओटी दोन्ही हातांनी आवळून धरली, खाटेवरून उतरली, चार केळी खाली पडली, आणि आपल्या पायांनी चालत आग्र्याकडे निघाली. भोई तिच्यामागून रिकाम्या हाताने. माझ्यापाशी विंगेत आली, थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हात करा.”

मी संहिता काखेत धरून हात पुढे केला. तिने ओटीतून चार दाणे काढून माझ्या तळव्यावर ठेवले.

“मी मेलेली नाहीये,” ती म्हणाली.

मग ती परत स्टेजवर गेली. व्हरांड्यातून नाही, सरळ जिकडून आली तिकडून. आई अजून खाटेवर बसून डोळे पुसत होती. पोरीने तिच्या पदरात हात घातला, चिमटीभर दाणे घेतले, पुन्हा चालत विंगेत आली आणि तेही माझ्या हातावर ठेवले. “हे मम्मीचे,” म्हणाली. कूलरपाशी जाऊन ती पाणी प्यायली.

नाटक तिथेच संपलं. नमस्काराला कुणी उभं राहिलं नाही, कारण वाळव्या खाली पडलेल्या केळ्यांवर तुटून पडल्या होत्या. पाहुणे भाषण न करताच गेले. गुरुजी माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “आग्र्याला नेताना हे कुणी केलं नसेल.” त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

तिसऱ्या दिवशी ट्रक गेला. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. पोरीने पुढच्या सीटवरून हात हलवला आणि बडबडत राहिली, काचेमुळे ऐकू आलं नाही.

मी कधी कुणाची ओटी भरली नाही. मी लग्न केलं नाही, तेव्हा कुणी ते मला सांगितलंही नाही. असल्या रीतींवर माझा विश्वास नाही, आणि गेलेली बेगम परत आली नाही हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्या संध्याकाळी घरी येऊन मुठीतले दाणे मी माझ्या तांदळाच्या डब्यात टाकले, कारण दुसरं कुठे ठेवणार. तेव्हापासून तो डबा मी रिकामा होऊ दिलेला नाही. तळाशी दोन मुठी उरल्या की वरून नवे तांदूळ ओतते.